अकरा वासरांची साक्ष

प्रिय टोर्गर,

तुझी चिठ्ठी पोचली. 'ताई, हट्ट पुरे झाला, जागा कंपनीला देऊन टाक, मी गावात तुझ्यासाठी दोन खोल्या बघून ठेवल्यात.' खोल्या चांगल्या असतील. दुसऱ्या कुणाला तरी दे. मी इथून हलत नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट वाचशील.

आपण नॉर्वेहून आलो तेव्हा इथे काय होतं, आठवतं ना? गवत, वारा आणि हा ओढा. नील्सने आणि मी जमिनीचे गवतासकट चिरे कापले आणि एकावर एक रचून घर उभं केलं. तू चौदा वर्षांचा. चिरे वाहून तुझे खांदे सोलले, पण 'हुं' केलं नाहीस. पहिल्या हिवाळ्यात लाकूड नव्हतंच, रानगव्यांच्या वाळल्या शेणावर आपण भाकरी भाजल्या. छपरातून चिखल गळायचा आणि नील्स म्हणायचा, लोकांचा पाऊस थांबला तरी आपल्या घरात अजून दोन दिवस चालतो, इतकी श्रीमंती कुणाकडे आहे? तो गेला तेव्हा सगळ्यांचं एकच, बाईमाणूस एकटी काय करणार, नॉर्वेला परत जा. नॉर्वेत माझं काय ठेवलंय? माझा माणूस इथल्या टेकाडावर पुरलाय.

तू जिची चाकरी करतोस त्या गुरांच्या कंपनीला माझी गुरं नकोत, ओढा हवाय, हे शेंबडं पोरही सांगेल. उन्हाळ्यात बारा मैलांत दुसरं पाणी नाही. तुझे मॅनेजर प्रेंटिससाहेब तीनदा येऊन गेले. तिसऱ्यांदा माझीच कॉफी पिऊन मला म्हणाले, 'बाई, वासरंच राहिली नाहीत तर त्या ओढ्याचं काय लोणचं घालणार?' मी म्हटलं, घालीन, आणि बरणी तुमच्याकडे पाठवीन. तेव्हा मला तो नुसता टोमणा वाटला.

मागच्या मंगळवारी, तू घोडे घेऊन रेल्वे स्टेशनला गेला होतास, निदान मला तसंच सांगितलं होतंस, पहाटे गाईंच्या हंबरण्याने मला जाग आली. अकरा गाई ओढ्याच्या काठी सैरभैर फिरत होत्या. कासा तटतटलेल्या, दूध आपोआप गळतंय आणि वासरू एकही नाही. चूक माझी. तापात पडले आणि यंदा डागणीला, वासरांच्या मांडीवर तापल्या लोखंडाने माझी खूण उठवायला, उशीर झाला. बिनडागाचं वासरू म्हणजे कुणीही उचलावं. पण यंदाची अकराच्या अकरा वासरं गेली, तर माझा कळप संपला आणि मी इथे राहणंही संपलं. मी घोड्यावर खोगीर टाकलं आणि खुरांच्या मागावर निघाले. चार मैलांवरच्या घळीत बल्ल्या ठोकून केलेला वाडा सापडला, आत माझी अकरा वासरं. प्रत्येकाच्या मांडीवर कंपनीचा ताजा डाग. अजून पाणी सुटत होतं त्या जखमांतून.

अशी वासरं मी तशीच हाकून आणली असती तर चोर मीच ठरले असते. म्हणून आधी डागणीच्या तळावर गेले, जिथे सगळ्यांची गुरं एकत्र आणून डागतात, आणि म्हाताऱ्या हॅस्केलला, सगळ्या कळपवाल्यांनी नेमलेल्या त्या म्होरक्याला, घेऊन आले. त्याच्यामागे तीस-चाळीस गडी आले, तमाशा बघायला, आणि प्रेंटिससाहेबही. प्रेंटिससाहेब म्हणाले, डाग आमचा, वासरं आमची, बाईंना अजून ताप आहे. मी हॅस्केलला विचारलं, वासरू कुणाचं, हे तुम्ही रोज कसं ठरवता? तो म्हणाला, ज्या गाईच्या मागे जाईल, तिच्या मालकाचं. मग माझ्या गाई येऊ द्या आणि दार उघडा, म्हटलं. कुणीतरी ओरडलं, 'बायबलवर खूर ठेवून शपथ घेणार का वासरं?' सगळे खिदळले. मी गेले, गाई हाकून आणल्या आणि माझ्या हाताने दार उघडलं.

तू बघायला हवं होतंस, टोर्गर. धूळ, हंबरणं, धक्काबुक्की. आणि मग हळूहळू एकेकीच्या कासेला एकेक तोंड लागलं. एक लंगडं वासरू चुकीच्या गाईला भिडलं, लाथ खाल्ली आणि रडतरडत आपल्या आईकडे गेलं. अकराच्या अकरा. कुणी हसलं नाही. हॅस्केलने कंपनीच्या गड्यांनाच विस्तव पेटवायला लावला, त्यांचा डाग त्यांच्याच हातांनी आडवी रेघ ओढून रद्द केला आणि शेजारी माझा उठवला. प्रेंटिससाहेबांच्या तोंडाकडे मी पोटभर बघून घेतलं. त्या दिवसाइतकी खूश मी नील्स गेल्यापासून झाले नव्हते.

पण हॅस्केल तेवढ्यावर थांबला नाही. हे करणाऱ्याचं नाव हवं, म्हणाला. आणि प्रेंटिससाहेबांनी जराही न अडखळता बातिस्तचं नाव घेतलं. बातिस्त लाव्हेर्द्यूर, ज्याने तुला घोड्यावर बसायला शिकवलं. का, तर त्याचा तंबू त्या घळीजवळ होता. त्याची आई इथल्या मूळच्या क्री जमातीची, त्याच्या बाजूने कोण बोलणार? मंगळवारपासून तो गाडीच्या चाकाला बांधलेला आहे. सोमवारी तळावर निवाडा करणार आहेत. मागच्या वर्षी याहून कमी पुराव्यावर दोघांना नदीकाठच्या झाडाला टांगलं होतं.

आता जे कुणाला सांगितलं नाही ते सांगते. वाड्याचं दार दोरीने बांधलेलं होतं आणि ती गाठ बाबांची होती. होडी धक्क्याला बांधायची, ओली झाली तरी न अडकणारी. या मुलखात ती दोघांनाच येते आणि दुसऱ्याला ती मी शिकवली. हॅस्केलला आणायला जाण्याआधी मी ती सोडली, दोरी खिशात घातली आणि माझ्या दोरीने दार बांधलं. वासरं पळवायला प्रेंटिससाहेबांनी तुला मुकादमकी देऊ केली असेल, आणि ताई एकदाची गावात येईल, तिचं भलंच होईल, असंही तुला वाटलं असेल. माझं भलं माझं मी बघते. तुला वाचवायला मी चार दिवस तोंड मिटून बसले, याची मला लाज वाटते आणि ती लाज मी आता आणखी वाढवणार नाही. सोमवारी ती दोरी घेऊन मी हॅस्केलपुढे उभी राहणार. माझ्याआधी तू येऊन बोललास, तर तुझ्या शेजारी उभी राहीन आणि तुला हात लावणाऱ्याची आधी माझ्याशी गाठ पडेल. पळालास, तर मागावर कुणाला पाठवणार नाही, पण माझं दार तुला बंद. हे पत्र रोझाली घेऊन आली आहे, बातिस्तची बायको. तिला वाचता येत नाही आणि मी तिला यातलं काही सांगितलेलं नाही. ती आत्ता तुझ्यासमोर उभी असेल. उत्तर कागदावर लिहू नकोस. मान वर कर आणि तिला सांग.

तुझीच, अजून तरी,
रागन्हिल्डताई