शांत माणूस बघतोय

३ नोव्हेंबर, सोमवार

आज पुन्हा तेच. मोबाईलवरच्या लढाईच्या खेळात मी शेवटच्या चौघांत पोचलो, एकही गोळी वाया घालवली नाही, आणि चॅनलवर माझा खेळ लाईव्ह बघणारे मधूनच उठून गेले. पडद्याच्या कोपऱ्यात बघणाऱ्यांचा आकडा असतो. तो उतरताना दिसतो. उतरला की मी अजूनच गप्प होतो.

गनीभाईंना सांगितलं. मिरजगावात त्यांचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, दुपारपर्यंत मी तिथं कामाला असतो. ते चिमट्यानं स्क्रू उचलत म्हणाले, "माऊली, तू दुकान उघडतो आन् गिऱ्हाईकाकडं पाठ करून बसतो. कोन थांबंल? नाव घे. इचारपूस कर. घरचं दोन शब्द सांग. माणूस मालासाठी येतो, बोलन्यासाठी थांबतो."

५ नोव्हेंबर, बुधवार

गनीभाईंचं ऐकलं. जो येईल त्याचं नाव मोठ्यानं घेतलं. कुणी काही लिहिलं की वाचून दाखवलं. श्रीगोंद्याच्या सैफला विचारलं, कांदा लावला का. तो कांद्यावरच बोलत बसला, गेलाच नाही.

मध्येच ताई चहा घेऊन आली. आई आतून ओरडली, "त्या फोनातल्या लोकास्नी म्हनावं, एकानं येऊन दळन आना! आमचं पोरगं तर लढाईवर गेलंय." पडद्यावर सगळीकडे हसरे चेहरे उमटले. आज आकडा उतरला नाही.

एक नवा आला. ‘शांत माणूस’ असं नाव घेतलंय. लिहीत काही नाही, फक्त ते लाल बदामाचं चिन्ह पाठवतो.

१० नोव्हेंबर, सोमवार

शांत माणूस सगळ्यांच्या आधी येतो आणि सगळ्यांच्या शेवटी जातो. असा एक जरी बघणारा असला तरी धीर येतो. मी मनातल्या मनात त्याच्याशीच बोलतो, बाकीचे ऐकतात.

आता लिहितोही. "आज घरात कोण कोण?" मी म्हणालो, "आई आणि ताई. दोघी मिळून माझी तक्रार करतायत." त्यानं लगेच बदाम पाठवले.

ताई दिवाळीच्या आधी सासरहून आली. सहादेव दाजींनी तिचा हात दारात चेमटवला होता. मनगट अजून नीट वळत नाही. ती परत जाणार नाही म्हणाली, आई म्हणाली नको जाऊस. यातलं अक्षरही मी लाईव्हवर काढलेलं नाही. तेवढं मला कळतं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

ताईला राहुरीत एका रोपवाटिकेत काम मिळतंय. सोबत राहायला चार बायका आहेत. त्यासाठी कर्जतला जाऊन कागद काढायचेत.

आज खेळ लवकर आवरला. शांत माणसानं विचारलं, "एवढ्यात?" मी म्हणालो, "ताईला सकाळी कर्जतला न्यायचंय, गाडीत पेट्रोल भरून ठेवतो." आत आईची शालीवरून बडबड चालू होती. कुणीतरी लिहिलं, मावशींना माईक द्या.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

दाजी कर्जतच्या स्टँडवर होते.

मोटरसायकलला टेकून उभे. जवळ आले नाहीत. लांबूनच म्हणाले, "काय मेव्हनं, झालं का काम?" अगदी नेहमीसारखं. ताईनं मागून माझा शर्ट मुठीत धरला होता. कागद न काढताच परत आलो.

वाटेत ती एवढंच म्हणाली, "ज्ञाना, कुनाला बोल्लास?"

मी आईची शपथ घेतली. कुणालाही नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

लाईव्ह केलं नाही. आई भर दिवसा दाराला कडी लावून बसली होती.

१७ नोव्हेंबर, सोमवार

अक्षर वाईट येतंय, तरी आजच लिहायला हवं.

लाईव्ह चालू होतं. ताई चहा ठेवून वळली. शांत माणसानं लिहिलं आणि मी सवयीनं मोठ्यानं वाचलं, "ताईला विचारा, अजून साखर कपात वरून टाकते का?"

ताई जागच्या जागी थांबली. ती साखर भांड्यात घालत नाही. कपात ओतल्यावर वरून टाकते, ढवळत नाही, तळाची शेवटी बोटानं खाते. लहानपणापासून. हे आम्हाला माहीत. आणि तिच्या सासरी माहीत.

मी फोन उपडा ठेवला. ती माझ्याकडं बघत होती. रागानं नाही. तसं असतं तर बरं झालं असतं.

मीच सांगितलं होतं. रोज. नाव घेऊन, हसून.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

मी म्हणालो त्याला काढून टाकतो, चॅनलच बंद करतो. ताई म्हणाली, "नको. काढलास तर त्याला कळंल आपल्याला कळलं. मग दुसऱ्या नावानं यील. आता निदान दिसतोय तरी." पुढं म्हणाली, "तू बोलतोस ना चांगला? मग बोल. मी जाईपर्यंत त्याला उठू देऊ नको."

कागदांचं तिनं राहुरीच्या रोपवाटिकेतल्या बाईंशी फोनवर बोलून घेतलं. नंतर दिले तरी चालतील.

२० नोव्हेंबर, गुरुवार

दिवसाउजेडी केलं. ताई मागच्या दारानं निघाली, पुढं आडोशाला गनीभाई टेम्पो घेऊन थांबले होते. इकडं मी लाईव्ह सुरू केलं. शांत माणूस आला.

इतकं मी जन्मात बोललो नसेन. पडद्यावर काय चाललंय ते दिसत नव्हतं, मुद्दाम मरत होतो, पुन्हा उतरत होतो. त्यानं विचारलं, "आज चहा नाही?" मी ते मोठ्यानं वाचलं. तेवढ्यात आतून आई, "अश्विनी! ते कूकर उतरव आधी, मग चहा कर. आन् पीठ किती सैल मळलंस गं, बाई!" मग परात आपटल्याचा आवाज. स्वयंपाकघरात आई एकटी होती.

त्यानं बदाम पाठवले.

गनीभाईंचा निरोप येईपर्यंत तो हलला नाही. निरोप एवढाच होता, "माल पोच." मी सगळ्यांचे आभार मानले, त्याचंही नाव घेतलं. मग आत गेलो. आई परात पुढ्यात घेऊन बसली होती, परातीत काही नव्हतं.

२३ नोव्हेंबर, रविवार

रोज खेळतो. तो इथं बसलाय तोवर तिकडं नाही. आई रोज रिकाम्या स्वयंपाकघरात ताईला रागावते. सैफ लिहितो, मावशी आज जोरात आहेत.

ताईचा फोन आला होता. वाफ्यात मिरचीचं बी टाकलं म्हणाली. आवाज मोकळा होता.

२६ नोव्हेंबर, बुधवार

जुने लाईव्ह चॅनलवर तसेच राहतात हे माझ्या लक्षातच नव्हतं. आज दुकानात बसून एकेक ऐकून काढला. राहुरीचं नाव माझ्या तोंडी कुठंच नाही.

तेरा तारखेच्या लाईव्हमध्ये आहे. मी पेट्रोलचं सांगतोय आणि मागं आई, पण स्पष्ट: "राहुरीला गारठा लई असतो, माझी शाल घेऊन जा."

तो व्हिडिओ पुसला. त्यानं तो परत ऐकला असेल की नाही, हे बघायची काही सोय नाही. सगळीकडे शोधून बघितलं. नाही.

ताईला सांगितलं. ती म्हणाली, "बरं. आजूबाजूला सांगून ठेवते. तू खेळत राहा."

२७ नोव्हेंबर, गुरुवार

लाईव्ह सुरू केलं. सैफ आला, बाकीचे आले. आई आतून ताईला हाका मारत होती.

शांत माणूस आज आला नाही.