टोपीकरांच्या शब्दांचा कागद

पुणे, नारायण पेठ
श्रावण वद्य तृतीया, शके १७३८

ती. दादांस दिगंबरचा सा. न. वि. वि.

इकडील सर्व क्षेम. सरकारच्या दप्तरात इंग्रजी जाणणारा कारकून हवा आहे, दसऱ्याला नेमणूक. दोन वर्षे टोपीकरांची भाषा घोकली ती याचसाठी. पण कानाला सारखे आणि अर्थाने वेगळे असे त्यांचे शब्द फार छळतात. नाइट म्हणजे रात्र, आणि नाइट म्हणजे सरदारही! शिप म्हणजे गलबत, शीप म्हणजे मेंढी. आपण म्हणाल, एवढा मुलूख घेतात आणि शब्दांची ही काटकसर!

अशा जोड्यांचे नुसते अर्थ मोडीत मांडून तो कागद भैरू जासुदाबरोबर वेगळा पाठवला आहे. माझे अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय; आपल्या अक्षरात नक्कल करून द्यावी, तीच दप्तरात दाखवीन. वहिनींस नमस्कार. लोभ आहे तो वाढावा.

आपला,
दिगंबर

वाई
भाद्रपद शुद्ध द्वितीया

चि. दिगंबरास दीनानाथाचे अनेक आशीर्वाद.

घात झाला. नाक्यावर झडती सुरू होताच भैरू घाबरून थैली टाकून पळाला, अजून सापडला नाही. थैलीवर नाव माझे. हवालदाराने कागद वाचला. रात्र, सरदार, टेकडी, गलबत. ही टोपीकरांच्या हेराची सांकेतिक यादी, असे त्याने ठरवून टाकले. मला कचेरीत उभे करून अक्षर कोणाचे म्हणून विचारले. मी भ्यालो रे. ओळखीचे नाही, अशी शपथेवर जबानी दिली. ज्याचा हात धरून श्रीगणेशा गिरवून घेतला, त्याचे अक्षर ओळखीचे नाही!

कागद आता पुण्यास गेला आहे. माझा भाऊ म्हणून तुला बोलावतीलच. तू खरे सांग. तू सुटशील, नेमणूकही होईल. खोट्या शपथेबद्दल मला बेडी पडली तर पडो. हे पत्र तुझ्या वहिनीच्या भावाबरोबर देत आहे, वाचून जाळ. हे आशीर्वाद.

दीनानाथ

पुणे
भाद्रपद वद्य प्रतिपदा

ती. दादांस सा. न. वि. वि.

काल बोलावणे आले. कागद समोर ठेवला. माझे अक्षर नव्हे, म्हणालो. चार ओळी लिहायला लावल्या, त्या वळण बदलून लिहिल्या. मग इंग्रजी जाणणारा मुनशी आला. त्याने कागद पाहताच सांगितले, की ही हेराची नव्हे, शिकणाऱ्याची यादी आहे. कारभारी म्हणाले, ज्याने लिहिली त्याने पुढे यावे, दप्तरातली जागा त्याची. दादा, पाय उचलला होता. पण आपली शपथ आठवली.

मुनशीला संशय असावा. माझ्याकडे रोखून पाहत तो एकेक जोडी इंग्रजीत उच्चारू लागला आणि फरक विचारू लागला. मी मान खाली घालून, सगळे एकच वाटते, असे सांगत राहिलो. शेवटी, याचे कान दगडाचे आहेत, असे म्हणून त्याने मला घालवले. आपण निर्धास्त असावे.

दादा, मला सगळे शब्द ओळखू आले. एकही चुकला नाही.

कृपा असू द्यावी.
दिगंबर