पिंजऱ्यांतला पंक्तिप्रपंच

४ जून
नवी नोकरी. बेळगावात लसीची लॅब, उंदरांची खोली. उद्यमबागच्या फाउंड्रीत अकरा दिवसच टिकलो, तो दोष फाउंड्रीचा. इथं मात्र कायम व्हायचंच. भटकणं बंद.

५ जून
जांबोटीची बस समोरच लागली. बसलो. परतीची गाडी नव्हती. उद्यापासून नक्की.

७ जून
खाडा झाला तरी लॅबच्या मुख्य विद्युल्लता मॅडम ओरडल्या न्हाईत. उलट काम समजावलं. डीएनए लस म्हणजे दवंडी : अमुक जंतू येणार, सावध राहा. पण नुसत्या दवंडीनं शरीर जागं होत न्हाय. म्हणून सोबत आणखी एक जीन टोचायचा. तो हलगी बडवतो. नाव अ‍ॅडज्युव्हंट. पटलं. पण इतकं गोड का सांगतात?

९ जून, दुपारी
संशय खरा! आज पहिला डोस. हिरव्या कार्डाच्या सहा पिंजऱ्यांना लस आणि हलगी. लाल कार्डाच्या सहांना नुसती लस. मग त्यांच्या वाट्याची हलगी जाते कुठं? इथला जुना माणूस मष्णूअण्णा. त्याला विचारलं. म्हणाला, तुझ्या आज्जीच्या लग्नात वाजवाय गेलीया, तू भुसा बदल रं आदर्शा. हापण सामील.

३० जून, सकाळी ८
आज दुसरा डोस. आमच्या गावजेवणात एकाला खीर आणि शेजारच्याला कोरडा भात वाढला तर पंगत उठून जाते. उंदीर उठणार कसे? मॅडम यायच्या आत सगळी कार्डं उलटसुलट केली. लाल होतं तिथं हिरवं, हिरवं होतं तिथं लाल. आता प्रत्येकाला एकदा तरी हलगी. उंदीर लई खूश दिसले.

१५ जुलै
रक्ताचे रिपोर्ट. दोन्ही गट सारखेच. मॅडम कागद बघतच बसल्या. म्हणाल्या, दोन वर्षं या जीनवर घालवली, आता सोडावा लागणार. यांना समानता बघवत न्हाय. उद्या सांगायचं, हे श्रेय माझं. कायम केल्याचं पत्रपण मागायचं.

१६ जुलै
सांगितलं. मॅडम स्टुलावर बसल्या. किती पिंजरे? सगळे, म्हटलं, मी काम अर्धवट सोडत न्हाय. मष्णूअण्णानं कपाळावर हात मारला. आदर्शा, हलगीनं फरक पडतो का तेच बघायचं हुतं की रं!

मॅडम ओरडल्या न्हाईत. म्हणाल्या, म्हणजे जीन वाया नाही, सांगितलंत ते बरं केलंत. कार्डांचं कारण आधी सांगायला हवं होतं, चूक माझीच. नव्या उंदरांची ऑर्डर लिहायला घेतली. मला चहा दिला. मग खोलीची किल्ली मागून घेतली.

चूक त्यांची, तर रडू मला का आलं? यात नक्की काहीतरी डाव आहे.