सासूबाईंना आलेली स्थळं

३ मार्च, रविवार

"नवऱ्याला सोडलंस, ठीक आहे. मला सोडायचं काय कारण?" — कोर्टाच्या पायऱ्या उतरताना सासूबाई म्हणाल्या होत्या. किती वर्षं झाली! आज एकदम आठवलं. सासूबाईंच्या वृद्धनिवासात बैठक होती. सरकारी ऑफिसकडून आलेली इंजिनिअर मुलगी नातेवाइकांची ओळख करून घेत होती. कुणी मुलगा, कुणी पुतणी. माझ्यापाशी आली. "तुम्ही यांच्या कोण?" पूर्वीची सून? असं कुठलं नातं असतं? सासूबाई पुढच्या रांगेतून, मानही न वळवता म्हणाल्या, "ती माझी आहे. पुढं चला."

म्हाताऱ्या माणसांसाठी बांधलेली ही इमारत स्वतःच म्हातारी झाली आहे. पलंगावर पडल्या पडल्या खिडकीची कडी हाताला लागते, एवढ्याशा खोल्या. मजल्याला एक न्हाणीघर, आणि त्यात चाकाची खुर्ची शिरत नाही. पाडायची की सुधारायची, एवढंच ठरायचं राहिलंय. मुलगी म्हणाली, पाडायलाच हवी असं नाही. मधली भिंत काढून दोन खोल्यांची एक करता येईल, आतच न्हाणीघर. टाळ्या! मग कुलूपकाका उठले. (हे बिस्किटांच्या डब्यालाही कुलूप लावतात.) "खोल्या निम्म्या होणार. मग आमच्यातल्या निम्म्यांनी जायचं कुठं?"

टाळ्या बंद.

५ मार्च, मंगळवार

माझ्या एकेकाळच्या नवऱ्याचा फोन. आईला कायमची इकडं घेऊन येतो म्हणाला. इकडं म्हणजे समुद्रापलीकडं. चांगला मुलगा आहे तो. वाईट असता तर भांडता तरी आलं असतं.

९ मार्च, शनिवार

रेडिओकाकूंनी तोडगा काढला! (सकाळी सुरू होतात त्या झोपेपर्यंत बंद होत नाहीत, म्हणून रेडिओ.) "अहो, दोन खोल्यांची एक होणार ना? मग दोघादोघांनी राहायचं. कुणी कुठं जायला नको. जोड्या लावा!"

इंजिनिअर मुलगी आधी हसली, मग म्हणाली, "असं खरंच जमलं, तर पाडू नका म्हणून मी वरच्यांशी भांडते." अट एकच — ज्याची जोडी लागणार नाही, त्याला जागा सोडावी लागेल.

शिंपीकाकांनी हात वर केला. "दोघांतलं एकच म्हातारं असलं तर चालेल का?" हशा! तिनं बिचारीनं खरंच नियम काढून पाहिला. "एकाची साठ पूर्ण असली की पुरे." शिंपीकाकांनी मिशीवरून बोटं फिरवली. "चला, लागा शोधायला."

१० मार्च, रविवार

निवासात नुसती लगीनघाई. चहाच्या टेबलावर स्थळं बघणं चाललंय. "घोरता का?" "खिडकी उघडी लागते की बंद?" "पहाटे उठून भांडी वाजवायची सवय नाही ना?" रेडिओकाकूंना पहिला होकार कुणाचा, तर ज्यांना ऐकू येत नाही त्या मावशींचा! कानातलं यंत्र कधी काढायचं ते मावशी ठरवणार. छत्तीसच्या छत्तीस गुण जुळले. शिंपीकाका मात्र कुलूपकाकांवर अडून बसलेत — "डब्याची दुसरी किल्ली दिली तरच येतो."

इतकी हसले की पोट दुखलं. घरी आले तर घर फारच गप्प वाटलं.

१४ मार्च, गुरुवार

किल्ली दिली!!

१७ मार्च, रविवार

सासूबाईंना तीन स्थळं आली. तिन्ही नाकारली. एकीच्या चपला फार वाजतात. दुसरी सारखी "जपून हं, जपून" म्हणते. तिसरी देवमाणूस आहे — "देवमाणसाच्या शेजारी झोपायचं म्हणजे रोज आपलीच लाज वाटायची." त्या तिघींच्याही जोड्या आता दुसरीकडं लागल्या. सासूबाई एकट्याच उरल्यात.

त्यांची नखं कापत होते, तेव्हा विचारलं, "आई, मग तुमचं काय?"

"माझं ठरलंय."

मुलाकडं जाणार म्हणजे. पुढं विचारायचं धाडसच झालं नाही. वर त्यांनी नेहमीचं ऐकवलंच — "माझ्यापायी अडकून राहू नकोस. कुणी चांगला भेटला तर कर लग्न." मग मधेच, "तू झोपेत अजून बडबडतेस का गं?"

"एकटी असते. सांगणार कोण?"

करंगळीचं नख राहिलं होतं, ते कापलं.

२० मार्च, बुधवार

वाचला! निवास वाचला! मंजुरी सांगायला इंजिनिअर मुलगी धावतच आली. शिंपीकाकांनी तिला हाताला धरून व्हरांड्यात गरकन फिरवलं, रेडिओकाकू एक मिनिटभर अवाक् झाल्या — असं पहिल्यांदाच! मग नकाशे पसरले आणि प्रत्येकाच्या फर्माइशी सुरू. सासूबाईंनी खिडकीखाली लांब टेबल मागितलं. दिवा डाव्या हाताला हवा म्हणाल्या.

मला काही कळेना. मी प्रुफं तपासून पोट भरते, मला तसा उजेड लागतो. त्यांना तर पेपरसुद्धा मी वाचून दाखवते! आणि जाणारच आहेत तर टेबल कशाला? मुलीला बाजूला घेऊन म्हटलं, "राहू द्या, ते टेबल नका धरू." ती हसली. "त्यांनी बजावलंय, कुणी नको म्हणालं तरी ऐकायचं नाही."

वय झालं की होतं असं. वाईट वाटलं.

२३ मार्च, शनिवार

सकाळी दात घासता घासता थांबले. एकाची साठ पूर्ण असली की पुरे!

सत्तेचाळीस वर्षांची बाई, घोरत नाही, चपला वाजत नाहीत, खिडकी कशीही चालते. देवमाणूस तर नव्हेच. नाहीच म्हणतील त्या. अडकू नकोस म्हणतील, रागावतीलसुद्धा. तीन नाकारली तिथं चौथं. तरी इस्त्रीची साडी नेसलेय. स्थळ म्हणूनच जायचं तर नीट जावं. बसणार नाही, चहा घेणार नाही, दारातूनच विचारणार —

"आई, मला घ्याल?"