दोरावरची जागा

नवापूर, ६ ऑक्टोबर २०२५

चि. चारुतास शालूआत्याचा आशीर्वाद. फोनवर तू मला बोलूच देत नायस, म्हणून लिहिते. चार यत्तांचं अक्षर हाय, नीट वाच.

दर रविवारी बोईसरहून येऊन तू पोरांचे डोळे बांधतेस आणि दोर धरायला लावतेस. आमची पोरं जाळ्याचा दोर धरूनच वाढलीत, त्यात शिकवायचं काय? काल माझी लेक प्रतीक्षा घरी येऊन जेवली नाय. तो खेळ बंद कर. सुके बोंबील पाठवलेत, शेजारणींना वाटत बसू नको. लोभ हाय तो राहू दे.

शालूआत्या

बोईसर, ९ ऑक्टोबर

ती. आत्यास चारुताचा नमस्कार. बोंबील पोचले, वासावरून शेजारीण भांडून गेली.

आत्या, खेळ साधा आहे. डोळे बांधून, आपसात बोलून दोराचा चौकोन करायचा. अडचण सगळ्यांनी मिळून सोडवायची. पण प्रतीक्षा आणि बबलू यांच्यामध्ये दर वेळी एका माणसाची जागा रिकामी राहते, चौकोन तिथेच मोडतो. सरका म्हटलं तर बबलू म्हणाला, "ताई, तिथं माणूस हाय." कुणी हसलं नाही.

धीरजदादाची बोट बुडाल्यापासून तुझ्यासमोर त्याचं नाव काढायला भीती वाटते. तरी विचारते, ती जागा त्याची का? रागावू नकोस.

तुझी चारुता

नवापूर, १३ ऑक्टोबर

चि. चारुतास आशीर्वाद. त्याचीच. किनाऱ्यावर जाळं ओढताना माझा धीरज त्या दोघांच्या मधी असायचा. समुद्रानं ज्याला परत दिला नाय, त्याची दोरावरची जागा आमच्यात आधी घरच्यानं घ्यायची. मी गेलेच नाय. तिथं उभी राहिले म्हणजे पोरगा गेला, हे मीच बोलले.

काल तू आली नायस, तरी पोरं जमली. आपसात बोलून त्यांनी काय ते ठरवलं, आणि प्रतीक्षा मला हाताला धरून किनाऱ्यावर घेऊन गेली. बबलूनं माझ्या डोळ्यांवर फडकं बांधलं. मी चाचपडले. दोन्हीकडं पोरांनी दोर कमरेशी धरलेला, पण मधी तो माझ्या खांद्याच्याही वर होता, ताणलेला. धीरज धरायचा तेवढ्याच उंचीवर.

मी म्हटलं, "बाबा, सोड आता. आयेला दे."

दोर हळूच खाली आला.

चौकोन झाला म्हणे. प्रतीक्षा पोटभर जेवली. खेळ चालू ठेव. रविवारी माणसं मोजशील तेव्हा मला धर, त्याला नको.

लोभ हाय तो राहू दे.

शालूआत्या