कोरडे पाय

आबा, आज मी झऱ्यावर गेले नाही. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, तरी हे लिहिताना पाय आपोआप साडीखाली ओढून घेतले. दुपारचे तीन वाजलेत, पाऊस पाच दिवस हटलेला नाही, आणि मी अंगणवाडीच्या जुन्या रजिस्टरच्या मागच्या पानावर तुम्हाला लिहीत बसले आहे. बसायची वेळ नाही, हे मला कळतं. पण उठायचं धाडस होत नाही, म्हणून लिहिते आहे.

सकाळपासून सगळं आडवंच येतंय. चहाचं आधण ठेवलं नि गॅस संपला. पोलादपूरहून सिलेंडरची गाडी यायची होती, तर कशेडीत दरड आली म्हणून हायवेला रांग लागलीय, गाडी आता कधी येईल देव जाणे. चूल पेटवायला घेतली तर काड्यापेटी सादळलेली, काडी ओढली की नुसता गुल गळून पडतो. अंगणवाडीत पोरं आली चार, आणि त्या चौघांचे फोटो मोबाइलवर चढवायचे तर रेंज नाही. देवळाच्या पायरीवर हात वर करून उभी राहिले, तेवढ्यात चपलेचा अंगठा तुटला. मी त्या मोबाइलला काय काय बोलले ते तुमच्या कानावर न गेलेलंच बरं. माझी जीभ तुम्हाला ठाऊक आहे, नवरा गेल्यावर सासर सोडून इथे परत आले तीसुद्धा याच जिभेपायी.

पण खरं सांगू, आज या कटकटींचं मला बरंच वाटत होतं. चप्पल तुटली की चपलेचा विचार करता येतो, डोंगराचा करावा लागत नाही. घरी आले, चूल एकदाची पेटली, निखाऱ्यावर सुका बोंबील टाकला, त्याच्याबरोबर नाचणीची गरम भाकरी खाल्ली. चुलीवरच्या दोरीवर वाळत घातलेली साडी काढून नेसले, धुराचा वास आणि ऊब, दोन्ही अंगाला लागले. मग गोठ्यात जाऊन म्हशीच्या पोटाला पाठ टेकून उभी राहिले. ती रवंथ करत होती. तिला कसलीच काळजी नव्हती, आणि तिचा मला हेवा वाटला. एवढ्याशा सुखाने रडू आलं, आबा. पोटात भीती बसलेली असताना भाकरी इतकी गोड लागते, हे मला माहीत नव्हतं.

मी आठ वर्षांची असताना तुम्ही माझ्या मापाचं इरलं केलं होतं. बांबूच्या कांबी ओटीवर बसून विणल्यात, आत पळसाची पानं घातलीत, ते माझ्या डोक्यावर ठेवलंत आणि म्हणालात, "आजपास्नं पानी बघायचं काम तुझं." घरांच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटातून येणारा तो झरा. पावसात रोज सकाळी आपल्या घरातल्या माणसाने जायचं, ओंजळीत पाणी घ्यायचं, बघायचं. नितळ असलं तर वाडीने कामाला लागायचं. तांबडं आलं, नाहीतर एकाएकी आटलं, तर डोंगर सुटायला लागला असं समजून थाळी वाजवायची आणि पोराबाळांना घेऊन सगळ्यांनी खालच्या शाळेत जायचं. हा नियम कुणी घालून दिला ते तुम्हालाही ठाऊक नव्हतं.

एकदा मी गेलेच नाही. नव्या रेडकाशी खेळत गोठ्यात बसले आणि आत येऊन सांगितलं, नितळ हाय. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघितलंसुद्धा नाही. "पाय दाखव," म्हणालात. वाटेत वहाळ ओलांडावा लागतो, घोटाभर पाण्यातून, आणि माझे पाय कोरडे होते. मला वाटलं आता पाठीत बसणार. तुम्ही हात धरून मला पावसातून झऱ्यावर नेलंत, ओंजळीत पाणी घेऊन माझ्यासमोर धरलंत. नितळ होतं. मी मनात म्हटलं, सुटले. तेव्हा तुम्ही म्हणालात, "नितळच हाय. पन तुला ते ठावं नव्हतं." त्यानंतर दोन दिवस तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत, आणि मारलं असतंत तर बरं झालं असतं असं मला वाटत राहिलं.

तुम्ही एका वर्षी सगळी वाडी खाली नेलीत आणि काहीच झालं नाही, ते आठवतं का? लोक दिवाळीपर्यंत तुम्हाला विचारत होते, "काय रे, डोंगर कुठवर आला?" तुम्ही त्यांच्याबरोबर हसायचात आणि घरी येऊन म्हणायचात, "हसतात म्हंजे हायत ना सगळी." माझ्याच्याने तसं हसणं होत नाही. गेल्या वर्षी मी थाळी वाजवली. निम्म्या घरांना कुलपं, माणसं मुंबईला, राहिलेत ते म्हातारे. त्या म्हाताऱ्यांना मी चिखलातून खाली उतरवलं, दोन दिवस शाळेच्या फरशीवर झोपवलं, आणि डोंगर जागचा हलला नाही. "बाईचं डोकं फिरलंय," असं माझ्यासमोर म्हणाले. मला ते फार लागलं. काल ओंजळीत पाणी घेतलं तेव्हा तळाशी काहीतरी दिसलं, रवाळ, थोडंसंच. उजेड कमी आहे, माझ्याच हाताला माती असेल, असं म्हणून मी हात पदराला पुसले आणि कुणाला काही बोलले नाही.

आज सकाळी मी सादळलेल्या काड्यांशी झगडत असताना शेजारची काकी दारात आली. तिचे गुडघे गेलेत, तिला आता झऱ्यापर्यंत जाता येत नाही. रोजच्यासारखं तिने विचारलं, "पानी कसं हाय गो?" मी मान वर न करता सांगितलं, "नितळ हाय, काकी." ती काठी टेकत माघारी गेली. तिच्याकडून वाडीभर झालं असेल, पाणी नितळ आहे म्हणून.

इथवर लिहून मी उठले. काकीच्या दारात जाऊन म्हटलं, "काकी, सकाळी मी पाणी बघितलंच नव्हतं." ती उंबऱ्याशी बसली होती, लुगड्याचं बोचकं बांधून शेजारी ठेवलेलं, वर काठी. "ठावं हाय मला," ती म्हणाली. "तुझं पाय कोरडं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू येशील म्हून वाट बघत व्हते. थाळी तुमच्या घरची, मी कशी वाजवू?"

थाळी काढून ओटीवर ठेवली आहे. घाईत लिहितेय, अक्षर बघून हसू नका. वाडी हसेल तर हसू दे. हे रजिस्टर इथेच फडताळात राहील, बरोबर नेण्यासारखं त्यात काही नाही. झऱ्यावर जात नाही आता, आबा, आणि न बघता वाजवतेय असंही नाही. काल ओंजळीत होतं ते तांबडंच होतं. मला ते कालच ठावं होतं.