पंपाच्या बंदुकीची वाटणी

मी, ज्ञानू बिरुदेव बंडगर, वय बहात्तर, राहणार शेळगी, सोलापूर, धंदा जत्रेत फुगे फोडण्याचा स्टॉल, डोके ठिकाणावर असताना हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. बाहेरच्या कोणाचे दडपण नाही. आहे ते माझ्याच मनाचे, आणि त्यापायीच लिहायला बसलो.

१. शेळगीचे दोन खोल्यांचे घर व बँकेतील ठेव माझ्या पश्चात पत्नी काशम्मा हिची एकटीची. मुलगा सिद्धराम याने "आई, हितं सही कर" म्हणत तिच्यापुढे कागद सरकवू नयेत.

२. पंपाची छऱ्याची बंदूक. माझ्या वडिलांनी घेतली तेव्हाच ती जुनी होती. सोलापूरची गड्डा जत्रा, अकलूज, माढा, होटगी, एकही जत्रा तिने चुकवली नाही. लोक विचारतात, "मामा, एवढी टिकली कशी?" मी ऐटीत सांगायचो, चामड्याचा वायसर, दोन थेंब तेल, आणि गिऱ्हाइकाला पंपाला हात लावू द्यायचा नाही. आडदांड पोरे जादा हवा भरतात आणि व्हॉल्व्ह जातो. म्हणून दर छऱ्याला चार पंप काशम्माच मारायची. मी पुढे उभा राहून "या, या" करायचो.

बंदूक ठणठणीत आहे. काशम्माचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. वायसर मी दरवर्षी बदलला, तिला डॉक्टरकडे एकदाही नेले नाही. "तेल चोळ की जरा," म्हणायचो, आणि तेही बंदुकीच्या डबीतले द्यायचो. लिहिताना लाज वाटते.

३. तिची वेणी आता मी घालतो, वाकडीतिकडी. माझ्यामागे हे काम सिद्धरामने करावे, बायकोवर ढकलू नये.

४. शेजारचे स्टॉलवाले बाळासो सलगर यांची गिऱ्हाइके स्वतःच पंप मारून बंदूक भरायची. त्यांच्या नव्या बंदुका दोन गड्ड्यांत मोडल्या, तेव्हा मी चारचौघांत फिदीफिदी हसलो होतो. त्यांच्या घरच्या वहिनी आजही आपले केस आपण विंचरतात. बाळासो, चुकलो.

५. यंदाच्या गड्ड्यात सिद्धरामने पंप मारायला सोनमला, म्हणजे आमच्या सुनेला, बसवले. शिकला माझ्याकडूनच. काशम्मा घरी येऊन म्हणाली, "बंदूक कुणालाबी द्या, पर त्या पोरीच्या हातात नगा देऊ." तेव्हा बंदूक सिद्धरामला देतो ती या अटीवर, की पंप त्याने स्वतः मारावा. सोनमला पुन्हा बसवले, तर बंदूक काशम्माची. तिने विकावी, मोडावी, नाहीतर चुलीत घालावी.

गेल्या रविवारी मी स्वतः पंप मारून पाहिला. तिसऱ्याला खांद्यातून अशी कळ आली की बंदूक खाली ठेवली. काशम्मा उंबऱ्यावर बसून बघत होती.

"चौथा मारा की," ती म्हणाली. "त्याबिगर फुगा फुटत न्हाय."

चौथा मारला, आणि मग हे लिहायला घेतले.

ठिकाण : सोलापूर
दि. ११ फेब्रुवारी २०२५
सही : ज्ञानू बिरुदेव बंडगर

आमच्या देखत सही केली. साक्षीदार :
१. बाळासो सलगर (कलम चार वाचले. राग नाही.)
२. चंद्रव्वा कोळेकर, शेजारीण